खळ्यावर गेलेली वरात

आमच्या चौघांच्या नव्या बँडला पहिली सुपारी कशी मिळाली म्हणता? नुसत्या जेवणावर. नवरदेवाला मारुतीच्या देवळातून मांडवात न्यायचं होतं. चांगलं वाजलं तर पुढची लग्नं मिळणार होती.

पुढं मी क्लॅरिनेट वाजवत होतो, लाजून डोळे मिटून. गाव वैतागतं म्हणून तालीम आम्ही गावाबाहेरच्या खळ्यापर्यंत चालत करायचो. चौघांच्याही पायांना तोच रस्ता ठाऊक. डोळे उघडले तर समोर खळं, मागं घोड्यावर नवरदेव आणि सगळं वऱ्हाड.

नवरदेवाचे मामा म्हणाले, "उस्ताद, नवरी कुठंय?"

"मामा, इथं आम्ही रोज शिकतो."

"मंग आता मागून या. आन् बिलकुल वाजवू नका."

मांडवात एकानं विचारलं, "बँड कोणाचा हाय?"

मी क्लॅरिनेट पाठीमागं धरून म्हणालो, "ठाऊक न्हाई."