गाजरासाठी वाकणारी घोडी

आमच्या रुआबांधा वस्तीतलं माझं भांडण ऐका. शांताबाई आपल्या वरातीच्या घोडीला गाजर दाखवून ते तिच्या पुढच्या पायांमधून मागे नेत होत्या. मी ओरडलो, "द्यायचं तर तोंडासमोर द्या! मुक्या जनावराला छळता कशाला?"

"छळून नाही राहिली, भाऊ. पाठ दुखते तिची. अशी वाकली का पोट आवळते, पाठ वर येते. डॉक्टरनंच सांगतलं, महिन्यापासून रोज करून राहिली. पाठ सुधरली नाही तर हे इकून टाकतीन तिले."

'हे' म्हणजे शेजारी उभा असलेला नवरा. त्यानं घोडीची पाठ दाबली. पूर्वी हात लागताच लाथ झाडणारी घोडी निवांत गाजर चावत राहिली.

मी नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "आता विकाल?"

"नाही जी. पण वरातीले कधी नेऊ?"

शांताबाई म्हणाल्या, "पुरी बरी होऊ द्या. तवर नवरदेवाले तुमीच खांद्यावर न्या!"