पिवळा बिल्ला

१९०८ सालचा मतदानाचा दिवस. अमेरिकेतल्या नेवार्क शहरातल्या ट्राममध्ये कंडक्टर ऑटो भाडं गोळा करत होता, पण कान मागच्या बाकाकडे होते. कोटावर उमेदवाराचा बिल्ला लावलेले एक गृहस्थ शेजारच्या बाईवर तापले होते.

"तो पिवळा बिल्ला काढा, बाई. बायकांना मताचा हक्क हवा म्हणे! शोभतं का?"

"तुमच्या छातीवरचा बरा शोभतो!"

"माझा पक्षाचा आहे. राजकारण हे बायकांचं काम नव्हे."

"असं? मग तुमच्या साहेबांचा चेहरा त्या पत्र्यावर कुणी बसवला? मी. मागची टाचणी कुणी वळवली? मी. चार महिने रोज हजार बिल्ले केलेत. बघा ही बोटं!"

"ती मजुरी झाली. मत द्यायला अक्कल लागते."

"अक्कल! अहो, बिल्ला उलटा लावलाय तुम्ही. साहेब सकाळपासून डोक्यावर उभे आहेत."

ऑटोला हसू आवरेना. गृहस्थ घाईनं बिल्ला काढायला गेले आणि टाचणी बोटात घुसली.

"आणा इकडे. हं, झाला सरळ. उतरा आता, तुमचं मतदान केंद्र आलं. मी चालले कारखान्यात. कोण जिंकणार ते तुम्ही अक्कलवाले ठरवणार, म्हणून आम्हाला आजच दोन्ही उमेदवारांच्या विजयाचे बिल्ले करून ठेवायचेत."