लाडिंगच्या पावलांची गोष्ट

हॅलो?… हो, फेलिसाच. मानांग-मानांग, ताई-ताई करू नकोस, थोरली बहीण आहे मी तुझी, हमाल नाही. काय आणू म्हणालीस?… चाकांची खुर्ची! वर फुलं लावून! वा गं जोवेलिन. वडील नाहीत म्हणून तुला वेदीपर्यंत थोरल्या भावाने, लाडिंगने न्यायचं, आणि त्यालाच ढकलत न्यायचं? लग्नातलं भाजलेलं डुक्कर आहे का तो, सजवून मांडायला?

…हो, हो… अगं ऐक ना. डाउन सिंड्रोम आहे त्याला, ते मला सांगतेस? सांभाळते कोण त्याला?… अहवाल? ‘दोन पावलांत थांबतो’? अस्सं! मनिलाच्या इस्पितळाने लिहिलं म्हणजे देववाणीच ती. का थांबतो, ते विचारलंस?… नाही ना?

इस्पितळातून फोनच्या पडद्यावर चालायचा व्यायाम घेतात ते मास्तर पिकल्या केसांचे. लाडिंग उठला की सरळ फोनपाशी! वडीलधारं माणूस दिसलं की त्याचा हात कपाळाला लावायचा, आईने शिकवलंय. काचेतून हात कुठला मिळायला? मग काचेलाच कपाळ टेकायचा, लाल बटण दाबलं जायचं. की फोन बंद! मास्तर समजले, गडी दमला… हसू नकोस, त्यांच्याच अहवालावर नाचत होतीस तू. मी सांगितल्यावर आता ते आधी हात पुढे करून आशीर्वाद देतात, मग व्यायाम. गुंडाळलेल्या चटईवरून पाय उचलून जातो, चुलीपासून दारापर्यंत.

…चर्चमध्ये? असतील ना दोन्हीकडे म्हातारे. घेईल सगळ्यांचे हात… उशीर? नवरामुलगा इतकी वर्षं थांबला, आणखी जरा थांबेल. नाहीतर म्हाताऱ्यांना दारातच उभं कर, तिथे उरकेल.

…सासरचे काय म्हणतील? हां, आता आलीस वळणावर. पायांची काळजी नाही तुला. तोंड लपवायचंय त्याचं.

…ठेवू नकोस फोन.

थांब, कॅमेरा लावते. लाडिंग! जोवेलिन आहे बघ, ये… दिसतोय? भिंतीला हात लागलाय कुठे?… बोलू नकोस, बघ… आला.

…अगं, तो तुझा हात नाही मागत. आशीर्वाद द्यायला स्वतःचा पुढे केलाय. वडिलांच्या जागी उभा राहणार ना तो… हो, फोनलाच लाव कपाळ. तोही तसंच करायचा. वाक… अजून…

लाडिंग, गेला रे फोन. टेकलं तिने कपाळ.