दारातली बंदूक आणि पालथी रंभा

"काका, बंदुकीची नळी लांब बरी की आखूड?"

डोंबिवलीतल्या बँकेच्या रांगेत मालू नि शेवंती या मैत्रिणींनी 'विचारून दाखव' अशी पैज लावली, म्हणून रंभाने दारावरच्या बंदूकवाल्या भिवाजीकाकांना बेधडक विचारलं.

"का गं, दरोडा घालायचाय?"

"एनसीसीत नेमबाजी आहे. सर म्हणतात, तू बुटकी, लांब रायफल तुला पेलणार नाही, बँडमध्ये ढोल वाजव. ढोल दिलासुद्धा घरी न्यायला."

"मग आखूडच घे," रांगेतले कोलशेतचे गुणाजी आबा मध्येच बोलले. "आमचा बाप होडीतून बदकं मारायचा. लांब नळी घेऊन वळला की शेजारचा खाडीत."

"आबा, होडीत आखूडच बरी," काका म्हणाले. " दारात पण आखूडच, पटकन फिरते. पण हिला कागदावरचा ठिपका फोडायचाय. लांब नळीवर नेम धरायची मागची खाच नि पुढच्या टोकावरचा उंचवटा, म्हणजे माशी, यांच्यात अंतर जास्त. नेम जरासा हलला तरी डोळ्याला कळतं."

"तू तर दारात उभा नि तुझी ही एवढी लांब," आबांनी टोकलं.

"बँकेने दिली ती घेतली. चोर आला तर म्हणेन, बाबा रे, जरा मागे सर."

"पण काका, लांब म्हणजे जड ना?"

"उभ्याने जड. तुम्ही नेम कसा धरता?"

"पालथं पडून. पुढे वाळूची गोणी असते."

"मग भार गोणीवर. आणि पालथ्या माणसाची उंची कोण मोजतो?"

संध्याकाळी रंभाने चपला काढायच्या आधीच घरात सांगून टाकलं, "आई, बाबा, उद्या मी ढोल परत करतेय नि नेमबाजीत नाव देतेय. सर परत बुटकी म्हणाले तर मी तिथंच, त्यांच्यासमोर, पालथी पडणार आहे."