विहिरीतलं कासव

अफवा आपोआप उठते, असं मला तरी कुणी सांगू नका रे. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली, आणि आमच्या टेंभी नाक्यावरचा म्युनिसिपालिटीचा नळ महिनाभर कोरडा. शेवटी माझ्या आत्यानं आळीतल्या बायका गोळा केल्या. रिकामे हंडे घेऊन कचेरीवर मोर्चा न्यायचं ठरलं.

निघणार तोच वॉर्डाचे मेंबर धापा टाकत आले. "नळाचं नंतर बघू. आपल्या विहिरीत कुणीतरी विष कालवलंय. परक्यांचे हस्तक गावात शिरलेत."

झालं. जो तो शेजाऱ्याकडे संशयानं बघायला लागला. नवा भाडेकरू कुणाकडे आलाय, सकाळी विहिरीवर कोण वाकलेलं, हेच सुरू.

आत्या सरळ जाऊन विहिरीत डोकावली. पाणी स्वच्छ राहावं म्हणून आमच्याकडे विहिरीत कासव सोडायचे. ती म्हणाली, "मेंबरसाहेब, विष असतं तर कासव मेलं असतं. हे बघा, मजेत पोहतंय."

मेंबर अजिबात गडबडले नाहीत. "तेच म्हणतो मी. एवढ्या विषात हे जिवंत कसं? याला इथं आणलं कुणी?"

"तुमच्याच वडिलांनी," आत्या म्हणाली.

सगळे मेंबरांकडे बघायला लागले. ते आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे वडिलांनाही फसवलं. बघा, किती जुना कट आहे हा."

लोकांनी माना डोलावल्या. मोर्चा तिथंच मोडला. कासवावर मात्र पाळत ठेवायला दोन माणसं बसवली.