पंख्याखालचा प्रोसेसर

—न्हाई काका, मालकानं न्हाई पाठवलं मला. माझा मीच आलोय. हे कागद घ्या, पोलीस स्टेशनात द्यायच्या आधी तुमच्या हातात द्यावं म्हणलं. शुद्धलेखनाकडं बघू नका तेवढं. नववीत शाळा सुटली माझी, ऱ्हस्व-दीर्घ अजून कळत न्हाई, आन शब्दबी साधेच हाईत, बोलतो तसेच लिवलेत. … चष्मा घरी राहिला? मग असू द्या. मी सांगतो. खरं म्हणजे सांगायला जमत न्हाई म्हणून तर लिवून आणलं होतं—चार माणसात तोंड उघडत न्हाई माझं, दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मी पाठ फिरवूनच बसतो. पण इथं तुमी एकटेच. आन तुमी काही बोलनात, ते बरंच हाय.

मी रामकिशन. दिनकररावांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मशीनी जोडतो. तुमच्या पोराची, सूर्यभानची मशीन मीच जोडली. … हां, तीच. काचेच्या पेटीची, आत लाल लाइट लागतो ती. आत वॉर्डात सिस्टरबाई म्हणल्या, तीन दिवस झाले भगवानराव ह्याच बाकड्यावर बसून हाईत, डबा त्याच्या आईच्या, सरजाकाकूच्या हाती आत देतात पण स्वतः आत पाय टाकत न्हाईत. त्यानं गाव विकलं, त्याचं तोंड बघणार न्हाई म्हणले. म्हणूनच आलोय मी. काका, सूर्यभाननं रविवारची गेमची मॅच विकली न्हाई. पूर्णेच्या पोरांकडनं त्यानं मोबाईल घेतला आन मुद्दाम हरला असं त्याच्याच टीममधला लिंबाजी सगळ्या पिंगळी गावात सांगत फिरायलाय—तो लबाड न्हाई, त्याला खरंच तसं वाटतंय. पण तसं झालं न्हाई. खोट मशीनमध्ये होती.

ऐकून तर घ्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तपासली तवा चांगली चालली, हेच म्हणणार ना तुमी? त्याचं सांगतो. आधी हे ऐका.

मशीनमध्ये मुख्य दोन गोष्टी असत्यात, एक प्रोसेसर, एक ग्राफिक कार्ड. कसं सांगू तुमाला… पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात पंगत बघितली असंल तुमी. प्रोसेसर म्हणजे भाकरी थापणारी बाई आन कार्ड म्हणजे तवा. तवा केवढाबी आणा, खाली कसाबी जाळ घाला, थापणारी एकच म्हातारी असली तर तवा रिकामाच तापत बसतो. पडद्यावर माणूस पळतो ना, तो पळत नसतो, एकामागं एक चित्रं येत्यात, सेकंदाला साठ, शंभर. कोण कुठं हाय, गोळी कुणाला लागली, भिंत कुठली पडली, हे सगळं प्रोसेसर ठरवतो, मग कार्ड ते चित्र काढतं. मोकळ्या रानात एकटा माणूस उभा असला तर म्हातारीबी पुरून उरती. पण पंधरा-वीस जण एका वाड्यात घुसले, धूर झाला, बॉम्ब फुटायला लागले, की तिचा हात चालत न्हाई. चित्र जाग्यावर थांबतं. अर्ध्या सेकंदानं पुढचं येतं. तवर मेलेला असतो माणूस.

सूर्यभानच्या पेटीत कार्ड एक नंबरचं होतं. ते खोटं न्हाई. पोरांनी वर्गणी करून घेतलं होतं, खोकं फोडलं तवा लिंबाजीनं वर नारळ ओवाळला. पण खाली प्रोसेसर कुठला लावला? एका बंद पडलेल्या ऑफिसातनं जुन्या पेट्या आल्या होत्या, टायपिंग करायच्या, त्यातला काढून लावला. मालक म्हणले, लाव, कार्ड काचेतनं दिसतं, प्रोसेसर पंख्याखाली असतो, तिथं कोण बघायलाय. मला माहीत होतं काका. माझं शिक्षण न्हाई पण ह्या एका गोष्टीत मी चुकत न्हाई, कुठल्या कार्डाला कुठला प्रोसेसर पुरतो हे मी झोपेत सांगतो. ही जोडी जमत न्हाई, एवढे चार शब्द बोलायचे होते. न्हाई बोललो. पेटीत मान घालून स्क्रू आवळत बसलो.

आन मशीन देताना आमची एक रीत हाय. गेम चालू करायचा, कोपऱ्यात सेकंदाच्या चित्रांचा आकडा लावायचा, आन खेळातल्या माणसाची मान वर करायची. आभाळाकडं. आभाळात काय असतंय? काहीच न्हाई. आकडा जातो दीडशेवर. गिऱ्हाईक आकड्याचा फोटो काढतं आन खूश होऊन जातं. सूर्यभाननंबी काढला. माझ्या खांद्यावर हात टाकून काढला त्यानं, त्याच्या मोबाईलमध्ये असंल अजून. म्हणला, रामकिशन, जिंकलो तर पहिला पेढा तुला.

रविवारी मंगल कार्यालयात मॅच होती तवा मी होतो तिथं, वायरी बघायला. पिंगळीच्या पोरांनी टेम्पोत गोधडीत गुंडाळून मशीनी आणल्या. सूर्यभान लांबनं मारणारा, बाकी तिघं त्याच्या जिवावर पुढं घुसायचे. मी त्याच्या मागंच उभा होतो काका, अगदी खुर्चीला टेकून. शेवटचा डाव पूर्णेच्या पोरांशी. खेळातल्या रानात होते तवर आकडा एकशेतीस, एकशेचाळीस. त्यानं दोघं टिपले, लिंबाजीनं शीळ घातली. मग सगळे एका गोदामात शिरले, आन मी आकडा बघत होतो—नव्वद. पन्नास. एकवीस. अकरा. सूर्यभाननं पटकन चित्राचा दर्जा खाली केला, पार धुरकट करून टाकला. कार्ड कमी पडलं असतं तर तेवढ्यानं भागतं. पण तवा लहान केल्यानं म्हातारीचा हात लवकर चालंल का? अकराचा अकराच. त्यानं घोडा ओढला तवा समोर पूर्णेचा पोरगा होता, चित्र हाललं तवा तो तिथं नव्हता, आन आपले तिघं जमिनीवर पडलेले. लांबनं बघणाऱ्याला काय दिसलं? सूर्यभान बसून राहिला, मारलंच न्हाई त्यानं.

लिंबाजीनं कीबोर्ड उपसला आन त्याच्या तोंडावर हाणला. उभा, धारेनं. बटणं उडाली सगळीकडं, एक माझ्या शर्टात गेलं. पुढचे दोन दात तिथंच गेले त्याचे, ते पडल्यावर फुटल्याचं सांगितलं असंल तुमाला, तसं न्हाई. मग बाकीचे दोघं. एकानं खुर्चीसकट पालथा केला, दुसरा बरगडीत लाथा घालायला लागला, बुटाच्या. आवाज येतो काका, ओला आवाज येतो. सूर्यभान तोंडातनं रक्त गाळत एकच म्हणत होता, मशीन अडकली रे, आईशप्पथ मशीन अडकली. मी तिथंच होतो. ह्या बाकड्यापासून त्या दारापर्यंत असंल, तेवढाच लांब. मला बोलता आलं असतं.

मग लिंबाजीच थांबला. मी म्हणलं न, तो लबाड न्हाई. धापा टाकत म्हणला, ठीक हाय, उद्या दहा वाजता दुकानात मशीन लावू. हेच गोदाम, हीच गर्दी. अडकली तर तुझी माफी मागतो, पाय धरतो तुझे. आन मग—माझ्याकडं बोट केलं त्यानं—मग ज्यानं जोडली त्याचा हात टेम्पोच्या मागच्या फाळक्यात, त्या लोखंडी झडपेत घालतो. मशीन त्यानंच आमच्या दुकानात आणून टाकली, शटरच्या आत, तुमच्या पोरानं रात्रीतनं काही करू नये म्हणून.

सोमवारी दहाला आले सगळे. मशीन लावली. गोदामात घुसले, धूर, बॉम्ब, पूर्णेचे दोघं पण साक्षीला बोलावले होते. एकशे दहाच्या खाली आला न्हाई आकडा. लोण्यावानी चालली. सूर्यभान आकड्याकडं बघत होता. लिंबाजीनं दंड धरून मागच्या बोळात नेलं त्याला. टेम्पोचा फाळका खाली सोडला, त्याचा उजवा हात कडेवर ठेवला, एकानं कोपर दाबून धरलं, आन लिंबाजीनं फाळका उचलून आपटला. पहिल्यांदा बोटं वाकडी झाली. दुसऱ्यांदा हाड वर आलं, पांढरं. तिसऱ्यांदा सूर्यभान ओरडलाच न्हाई, गुडघ्यावर खाली बसला आन हात तसाच अडकून राहिला वर. मी मागच्या दारात उभा होतो. स्क्रू काढायचा पेचकस होता माझ्या हातात.

तिथनं त्याला तुमच्या दारात नेऊन टाकला. पुढचं तुमाला माहीत हाय. … न्हाई, मी नावं ठेवायलो न्हाई काका. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई म्हणून तुमी आसूड घेतला, कुठलाबी बाप घेईल. पण सिस्टरबाईनं पाठ पुसताना मी बघितली. बैलाच्या पाठीवर एवढे वळ उठत न्हाईत. मोडका हात पोटाशी धरून पडला होता म्हणे, आन तुमी विचारलं, मोबाईल कुठं हाय, आन तो म्हणला, न्हाई हो दादा. काकू मधी पडल्या तर त्यांच्या मनगटावरबी एक बसला. सांगायलोय कशासाठी? तुमी खोट्यापायी मारलं त्याला. लिंबाजीनंबी खोट्यापायीच मारलं. डॉक्टर म्हणाले तीन बोटं परत मुडपणार न्हाईत. आन त्याला आता स्वतःलाच वाटायलंय की मशीन चांगली होती, आपल्याच हातानं दगा दिला. काल जबडा बांधायच्या आधी मला म्हणला, माझा हात थरथरला असंल रे. माझ्याजवळ म्हणला हे. माझ्याजवळ.

… उठलात? बरं झालं. जा, आत जा काका. डाव्या अंगाला बसा, तिकडं सलाईन न्हाई. काही बोलू नका, त्याला बोलता येत न्हाई, जबडा बांधलाय. नुसता हात धरा डावा.

न्हाई. न्हाई, डोक्यावर हात नका ठेवू माझ्या. मी शहाणा पोरगा न्हाई. कागदात मालकाचं नाव लिवलंय, जुना प्रोसेसर लिवलाय, आभाळाचं लिवलंय, सगळं खरं हाय ते. … काय म्हणलात?

… हां. बरोबर. खोट होती तर सोमवारी कशी चालली. मला वाटलं इसरलात तुमी. कागदावर मी लिवलंय, शेवटच्या पानावर—‘तपासणीत मशीन चांगली चालली, कारण समजले नाही.’

बसा काका. बसू नका, उभेच ऱ्हावा. कागद द्या इकडं माझा.

मालक तवा गावात नव्हते, पोखर्णीला गेले होते, रविवारपासूनच. मला कुणी सांगितलं न्हाई. कुणी फोन केला न्हाई. सोमवारी सकाळी साडेसातला मी दुकान उघडलं आन शटर परत आतनं ओढून घेतलं. पेटी आडवी केली. चार स्क्रू काढले, पंखा काढला, जुना प्रोसेसर उचलला. मालकाच्या काउंटरच्या मशीनमध्ये ह्याच जातीच्या बोर्डावर बसणारा, आठ थापणाऱ्यांचा प्रोसेसर होता, तो काढून ह्यात बसवला. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडं नेणारी पेस्ट असती, ती जुनी स्पिरिटनं पुसली, नवी लावली, तांदळाएवढी, जास्त लावली तर पसरती. पंखा बसवला. स्क्रू समोरासमोरचे आवळले, एकाच बाजूनं आवळले तर बोर्ड वाकतो. मशीन चालू करून गोदामात घुसून बघितलं, एकशे बारा. मग झाडून घेतलं, देवाला उदबत्ती लावली. दहाला ते आले. लिंबाजीनं मला विचारलं, तू जोडलीय ना, सांग, हिच्यात काही खोट हाय का? सूर्यभान माझ्याकडं बघायला लागला. दात न्हाईत, ओठ सुजलेला, पण हसल्यासारखं केलं त्यानं, मला माहीत हाय तू खरं सांगशील असं. आन मी बोललो काका. चार माणसात कधी तोंड न उघडणारा मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. म्हणलो, न्हाई, मशीन चांगली हाय.