दोन घरचा पाहुणा

बसा मंडळी, बसा. सगळे आले, बरं झालं. या बेघरांच्या निवाऱ्याचे मॅनेजर साहेब आले, दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आल्या, हारही आला. मले भाषण जमत नाही. मी रंजना, या निवाऱ्याच्या फाटकासमोर पोह्याची गाडी लावते. "तर्री किती टाकू" एवढं विचारायलेच आतापर्यंत आवाज वापरला. सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी मी बोलणारच आहे.

देवराव गेला. साहेब आत्ता म्हणाले, देवमाणूस होता. मेल्या म्हशीले मणभर दूध! कायचा देवमाणूस? तोंडाचा फाटका होता. माह्याच गाडीवर फुकट पोहे खाऊन मलेच म्हणे, "काहून वं रंजना, मीठ संपलं का घरचं?" महाल वस्तीतल्या कोष्ट्याचा पोरगा. हातमागावर लुगडी विणली. माग गेला, बायको गेली, घर गेलं, अन् हा फूटपाथवर आला. हातातली गाठ तेवढी राहिली. दवाखान्यातली पट्टी सुटली का स्वतःच बांधे, अन् अशी गाठ मारे का सिस्टरले कैचीच आणा लागे.

त्याले साखरेची बिमारी होती. पायाले जखम झाली, चिघळली, दवाखान्यात अंगठा कापला. मग एक दिवस सांगतलं, आता घरी जा. पाय उशीवर ठेवा. जखम कोरडी ठेवा. रोज पट्टी बदला. मी बाजूलेच उभी होती. देवरावनं विचारलं, "कोणाच्या घरी जाऊ, बाई?" आठवते ना डॉक्टरबाई? तुम्ही हसल्या होत्या. तुमाले वाटलं, बुढा मजाक करून राहिला.

मी त्याले ऑटोत घालून इथं आणलं. फाटकावर काय ऐकलं? बिमार माणूस आत घेता येत नाही. पट्टी करणारं कोणी नाही इथं. जखमेचा वास येते, बाकीचे कुरकुर करतात. दवाखान्यात न्या. नेलं. तिथं म्हणे, हा तं बरा झाला, खाट दुसऱ्याले पाहिजे. बोला आता! दिवस तोच, पाय तोच. दवाखान्यात बरा अन् निवाऱ्यात बिमार. मी म्हटलं, काय गा देवराव, फाटक पाहून रंग बदलते का तुहा पाय? तं म्हणे, "पाय सरकारी झाला वं. फाइलीसारखा फिरून राहिला."

मग तो कुठं राहिला? माह्या गाडीजवळच्या बाकड्यावर. ते तिकडे, बाहेर, या खिडकीच्या खाली.

आता जरा ही खोली पाहा, मंडळी. आपण बसलो ती. ही कोणासाठी बांधली, माहीत आहे? देवरावसाठी. म्हणजे त्याच्यासारख्यांसाठी. दवाखान्यातून सुटलेल्या बेघर माणसानं इथं पडायचं, नर्सनं इथंच पट्टी करायची, इथंच गोळी द्यायची. किती चांगली गोष्ट! खाटाही आल्या. पण खाटा दवाखानावाल्यांच्या, भिंती निवारावाल्यांच्या. मग नर्स कोणाची? तिचा पगार कोण देईन? यावर घोडं अडलं. साहेब म्हणत डॉक्टरबाईंनी द्यावी, डॉक्टरबाई म्हणत साहेबांनी ठेवावी. तोवर दाराले कुलूप. देवराव बाकड्यावर पाय वर करून पडे अन् या खिडकीतून आत पाहे. म्हणे, "हळू बोल वं. खाटा झोपल्या आहेत."

मी हसली होती. आता हसू येत नाही.

मग ताप चढला. अंग तव्यासारखं. पुन्हा ऑटो, पुन्हा दवाखाना. सुई टोचली, गोळ्या दिल्या अन् सांगतलं, आराम करू द्या. कुठं करू देऊ? पुन्हा इथं आली. वॉचमन फाटक धरून उभा. दवाखान्यात न्या, बाई. ऑटो पुन्हा वळला. अर्ध्या रस्त्यात ऑटोवाला थांबला, मागं पाहून म्हणे, "बाई, अब किधर?" मी देवरावकडे पाहिलं. डोकं माह्या खांद्यावर होतं, डोळे उघडे होते. त्याले आता कुठंच जायचं नव्हतं.

कुठं मेला? ऑटोत. ना दवाखान्यात, ना निवाऱ्यात. वा रे देवराव! दोघांचेही हात साफ ठेवून गेला. इतकं सोयीचं तं नातेवाईकही मरत नाहीत. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं आपल्यात म्हणतात. त्या पाहुण्याले निदान दोन्ही घरून बोलावणं तरी असते.

आज मात्र कुलूप निघालं. बाहेर ऊन फार म्हणून. शोकसभेले सावली लागते ना! खाटा भिंतीशी सरकवल्या, त्यावर तुम्ही बसले. गादीचं प्लास्टिक करकर करून राहिलं, ऐकू येते ना? अन् देवराव शेवटी आत आला, फोटोतून. फोटो नीट पाहा. कोपऱ्यात अंगठीवाला हात आहे. ब्लँकेट वाटपाच्या फोटोतून देवरावले कापून काढलं, साहेबांचा हात तेवढा राहून गेला. हार त्या हातालेही पडला आहे.

अजून एक सांगते. त्याच बाकड्यावर आत्ता कौसल्याबाई बसली आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अन् काल तिलेही म्हटलं, घरी जा. देवरावले हात जोडायले ती आत येऊन राहिली होती. वॉचमननं अडवलं. बिमार आहे म्हणे.

साहेब घड्याळ पाहून राहिले. हव, संपवते. दोन मिनिटं उभं राहायची पद्धत आहे. राहू. पण देवराव दोन्ही फाटकांवर उभाच होता, तुमच्या उभं राहण्याचं त्याले काय कौतुक? म्हणून मी म्हणते, खाटेवरून उठा. प्लास्टिक काढा. दोघं जण जा अन् कौसल्याबाईले उचलून आणा. नर्स कोणाची हे भांडण तिच्या उशाशी बसून करा, म्हणजे तिलेही ऐकू येईन.

अन् साहेब, जाताना कुलूप शोधू नका. ते मघाच मी माह्या रुमालात बांधलं. गाठ देवरावची आहे, त्यानंच शिकवली होती. सुटणार नाही. कैची आणा लागन.

येते गा देवराव. उठा मंडळी. आता कोणी बोलू नका.